कथेतल्या पात्रात ऑटिझम कसा ओळखावा आणि त्याचा मान कसा राखावा

एखादी कादंबरी वाचताना किंवा मालिका बघताना अचानक वाटून जातं की हे पात्र ऑटिस्टिक असावं. लेखकाने तसं कुठे म्हटलेलं नसतं, गोष्टीत डॉक्टर नसतो की निदान नसतं. तरीही बोलण्यातला थेटपणा, ठरलेला दिनक्रम मोडला की होणारी घालमेल, एकाच विषयात तासन्‌तास रमणं हे सगळं ओळखीचं वाटतं. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना मोठं झाल्यावर स्वतःची ओळख पहिल्यांदा अशाच एखाद्या पात्रातून पटलेली असते. बाकीच्यांच्या मनातली ऑटिझमची प्रतिमाही गोष्टींमधूनच घडते आणि पुढे खऱ्या माणसाशी वागताना तीच कामाला येते. म्हणून पात्रं नीट वाचायला शिकणं मला महत्त्वाचं वाटतं.

आधी काय शोधायचं ते माहीत हवं

ऑटिझम म्हणजे लाजाळूपणा, फटकळपणा किंवा एकलकोंडेपणा नाही. मेंदूची घडणच वेगळी असते आणि ती बालपणापासून असते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. तिच्यात ऑटिझमच्या दोन बाजू सांगितल्या आहेत. एक बाजू संवादाची: बोलण्यातली देवाणघेवाण, नजर आणि हावभाव, नाती जुळवणं आणि टिकवणं. दुसरीत चार गोष्टी येतात: त्याच त्या हालचाली किंवा शब्द, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, ठरावीक विषयांची खोल ओढ, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, वास, चव यांबाबत फार तीव्र किंवा फार कमी संवेदनशीलता. संवेदनांचा हा मुद्दा निकषांत २०१३ मध्येच आला. निदानासाठी पहिल्या बाजूतल्या तिन्ही गोष्टी आणि दुसऱ्या बाजूतल्या किमान दोन दिसाव्या लागतात.

वाचकाला निदान करायचं नसतं, त्यामुळे ही यादी हातात धरून खुणा करत बसू नका. फक्त एवढं ध्यानात असू द्या की एकट्या लक्षणावरून काही ठरत नाही. नजरेला नजर न देणारं पात्र घाबरलेलं असू शकतं, खोटं बोलत असू शकतं किंवा दुःखात असू शकतं.

वागण्यामागचं कारण शोधा

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. समजा, कथेत एक प्रसंग आहे. कार्यालयात बैठक चालू आहे. नोंदी ठेवणारी एक बाई टेबलाच्या कडेकडे बघत बसली आहे आणि पेनाच्या टोपणावरून अंगठा फिरवते आहे. वर ट्यूबलाइट गुणगुणते आहे, पण तो आवाज दुसऱ्या कुणाला जाणवत नाही. साहेब अहवाल दाखवून विचारतात, “कसा वाटला?” ती म्हणते, “तिसऱ्या पानावरची बेरीज चुकली आहे.” सगळे हसतात. तीही हसते, पण क्षणभर उशिरा. घरी गेल्यावर ती दिवा न लावता पडून राहते आणि बहिणीचा फोन वाजत राहतो.

वरवर वाचलं तर बाई तुसडी आहे, बैठकीत लक्ष देत नाही आणि बहिणीलाही टाळते. आता तिच्या जागी बसून वाचा. कुणाच्या चेहऱ्याकडे बघितलं की ऐकणं अवघड होतं, म्हणून तिची नजर टेबलावर आहे. ट्यूबलाइटचा आवाज कानात घुसतो आहे आणि अंगठ्याची ती हालचाल तिला सावरून धरते आहे. अशा हालचालींना स्टिमिंग म्हणतात आणि त्या बहुधा स्वतःला शांत ठेवण्यासाठी असतात. “कसा वाटला?” हा प्रश्न मोघम आहे. तिने त्यातून उत्तर देण्याजोगा भाग शोधला आणि प्रामाणिकपणे दिला. ते उशिरा आलेलं हसू इतरांकडे बघून शिकलेलं आहे. बहिणीवर तिचा राग नाही. दिवसभर सगळ्यांसारखं दिसण्यात तिची ताकद संपली आहे.

दोन्ही वाचनांत एकही शब्द बदललेला नाही. पहिल्यात तिच्या विचित्रपणाची नोंद होते, दुसऱ्यात तिचा दिवस कळतो. कुठल्याही पात्राबद्दल शंका आली की स्वतःला विचारा: याला आत्ता काय जाणवतंय, आणि या वागण्याने याचं काय भागतंय? उत्तर गोष्टीतूनच मिळत असेल आणि ते पुन्हा पुन्हा तसंच मिळत असेल, तर तुमचं वाचन पक्क्या पायावर आहे.

लपवलेलंही वाचा

अनेक ऑटिस्टिक लोक लहानपणापासून स्वतःला झाकायला शिकतात. याला मास्किंग म्हणतात. पुस्तकात त्याच्या खुणा बारीक असतात. पात्र भेटीआधी वाक्यं घोकतं, मैत्रिणीच्या बोलण्याची ढब उचलतं, समारंभात स्वतःहून वाढायचं काम घेतं म्हणजे गप्पा माराव्या लागत नाहीत, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन दिवस कुणाला भेटत नाही. स्त्री पात्रांमध्ये हे जास्त शोधावं लागतं. एका मुलीमागे चार मुलगे असं प्रमाण पूर्वी सांगितलं जाई. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर ते तिनाजवळ आलं, आणि बऱ्याच मुलींचं निदानच होत नाही हेही त्यातून दिसलं. कादंबऱ्यांतल्या ‘जरा विक्षिप्त’ मावश्या आणि ‘फार शहाण्या’ मुली या नजरेने पुन्हा वाचण्यासारख्या आहेत.

एकाच साच्यात अडकू नका

१९८८ च्या ‘रेन मॅन’ या चित्रपटाने ऑटिझम घराघरांत पोहोचवला, पण त्यासोबत आकडेमोडीतला अचाट माणूस हा साचाही रुजवला. त्या पात्राची कल्पना ज्यांच्यावरून सुचली त्या किम पीक यांच्या मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा पट्टा जन्मापासूनच नव्हता आणि त्यांना ऑटिझम नव्हता असं पुढे मानलं गेलं. अशी अचाट आकडेमोड किंवा स्मरणशक्ती बहुसंख्य ऑटिस्टिक लोकांकडे नसते. काहींना बौद्धिक अक्षमताही असते. काही जण तोंडाने बोलत नाहीत, टाइप करून किंवा चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगतात. न बोलणारं पात्र गोष्टीत आलं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं लेखकाने गृहीत धरलं आहे का, ते मुद्दाम तपासा.

यंत्रमानव आणि परग्रहवासी हा वेगळाच विषय आहे. माणसांचे अलिखित नियम न समजणाऱ्या अशा पात्रांत अनेक ऑटिस्टिक वाचकांना स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, आणि ते प्रेम खरं आहे. पण ऑटिस्टिक स्वभाव दाखवायला लेखकाला दर वेळी माणूस नसलेलंच कुणी लागत असेल, तर ते खटकायलाच हवं.

जुन्या पात्रांबाबत बेताने बोला

शेरलॉक होम्स वाचकांसमोर आला १८८७ मध्ये. सोव्हिएत बालमनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांचं जे वर्णन आज ऑटिझमशी जुळतं ते १९२५ मध्ये प्रसिद्ध केलं, अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांचा अकरा मुलांवरचा लेख १९४३ चा आणि ऑस्ट्रियातले बालरोगतज्ज्ञ हान्स अॅस्पर्गर यांचा १९४४ चा. होम्स लिहिला गेला तेव्हा हे निदान अस्तित्वातच नव्हतं. म्हणून ‘तो ऑटिस्टिक होता’ असा निकाल देण्याऐवजी ‘त्याला ऑटिस्टिक म्हणून वाचता येतं’ असं म्हणावं. यात कमीपणा काहीच नाही. अशी माणसं आधीही होतीच, आणि लेखकांनी आजूबाजूच्या माणसांना बघूनच लिहिलं.

गोष्ट त्या पात्राला कसं वागवते ते बघा

ओळखणं इथवर झालं. मान राखण्याचा प्रश्न पुढे सुरू होतो आणि तो लेखकालाही विचारायचा असतो. विनोद कुणाच्या जिवावर आहे? पात्र स्वतः विनोद करतं का? त्याला राग, वासना, महत्त्वाकांक्षा आहे, की इतरांना चांगुलपणा शिकवण्यापुरतंच ते गोष्टीत आहे? मेल्टडाउन, म्हणजे ताण असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं, फक्त बाहेरून तमाशासारखा दाखवला आहे, की त्याआधी साचत गेलेला ताणही दिसतो? शेवटी पात्र ‘सुधारतं’ का, म्हणजे मिठी मारू लागतं, डोळ्यांत बघू लागतं आणि सगळे टाळ्या वाजवतात? असा शेवट मला क्रूर वाटतो, कारण त्याचा अर्थ एवढाच की पात्र जसं होतं तसं कुणालाच नको होतं.

सहानुभूतीचा मुद्दा खास तपासा. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही, हे वाक्य कितीतरी गोष्टींचा कणा असतं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, अशी मांडणी त्यांनी २०१२ मध्ये केली. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवली गेली. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत ती बिगर-ऑटिस्टिक लोकांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली, गळती झाली ती मिश्र साखळीत. तेव्हा गैरसमज झाला की सगळा दोष ऑटिस्टिक पात्राच्या पदरात टाकणारी गोष्ट अर्धीच बाजू सांगते.

बोलताना आणि लिहिताना

कुणी म्हणालं, “हे पात्र म्हणजे मीच,” तर पुरावा मागू नका. लेखकाने नाकारलं असलं तरी त्या वाचकाला जे दिसलं ते खोटं ठरत नाही. उलट ऑटिस्टिक ओळखीच्या माणसाला “तू अगदी अमक्यासारखा आहेस” असं आपण होऊन सांगू नका, आणि पुस्तक वाचून शेजाऱ्यापाजाऱ्यांची निदानं करू नका. ‘पीडित’, ‘ग्रस्त’ हे शब्द टाळा. त्या माणसाला स्वतःबद्दल जो शब्द आवडतो तोच वापरा.

स्वतः असं पात्र लिहीत असाल तर आधी त्याला काय हवंय ते ठरवा आणि मगच त्याच्या सवयी. ऑटिस्टिक लेखकांचं लेखन वाचा. पालकांनी आणि डॉक्टरांनी लिहिलेलं त्यानंतर. मसुदा झाला की एकाहून अधिक ऑटिस्टिक वाचकांना दाखवा, कारण एकाचा अनुभव सगळ्यांचा नसतो. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि पुस्तक छापायला जाण्याच्या इतकं आधी दाखवा की त्यांनी एखादं प्रकरणच चुकलंय असं सांगितलं तर ते पुन्हा लिहायला वेळ उरेल.