मिरगाच्या आधी पाखरांच्या खुणा कशा बघाव्यात

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या आसपास लागतं, मृग (बोलीत मिरग) ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. या महिनाभरात मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर बसलं की विषय एकच असतो. टिटवीनं अंडी कुठं घातली, कावळ्यानं कुठल्या झाडावर काड्या नेल्या, पावशा ओरडला का. खुणा बघायला हरकत काहीच नाही, पण त्या नीट बघाव्या लागतात. पाखरू जे करतं ते त्या वेळची हवा, खाद्य आणि पिलं यांना धरून करतं. म्हणून त्यातून काही तासांचा, फार तर चार-आठ दिवसांचा अंदाज मिळतो. चार महिन्यांच्या पावसाचा हिशोब त्यात शोधला की फसगत होते, आणि कोरडवाहू माणसाला ती फसगत बियाण्याच्या पिशवीच्या भावात पडते.

टिटवी

सगळ्यात जास्त विश्वास हिच्यावर, आणि सगळ्यात जास्त घोटाळाही हिच्याच बाबतीत. समज असे आहेत: अंडी उंचवट्यावर, धुऱ्यावर (बांधावर) घातली तर पाऊस जोरात, खोलगट जागेत, नाल्याच्या पात्रात घातली तर पाऊस कमी. चार अंडी म्हणजे चारही महिने पाऊस, तीन म्हणजे तीन महिने.

आधी अंड्यांच्या संख्येचं बघू. टिटवी सहसा चारच अंडी घालते. दुष्काळ असो की सुकाळ, बहुतेक खळग्यांत चारच दिसणार. तीन किंवा दोन दिसली तर दोन शक्यता: घालणं अजून पुरं झालेलं नाही, किंवा एखादं अंडं मुंगसानं, कावळ्यानं नेलं. चारही अंडी एका दिवसात येत नाहीत, म्हणून पहिल्यांदा दिसल्यावर सहा दिवसांनी पुन्हा मोजल्याशिवाय संख्या लिहूच नये.

जागेचं बघताना तारीख हवीच. टिटवीचा विणीचा काळ मार्च ते ऑगस्ट असा लांबलचक आहे आणि अंडी उबायला २८ ते ३० दिवस लागतात. एप्रिलच्या सुरुवातीला नाल्याच्या कोरड्या वाळूत घातलेली अंडी मेच्या पहिल्या पंधरवड्यात फुटून जातात. त्यांना पावसाचा धोकाच नसतो. अशा अंड्यांवरून "यंदा काही खरं नाही" म्हणणं चूक आहे. तुलना करायचीच असेल तर १५ मेनंतर घातलेलीच अंडी धरा, आणि एका शिवारात निदान पाच-सहा ठिकाणं बघा. एकाच खळग्यावरून काही ठरत नाही.

बघायचं कसं? टिटवी घरटं बांधत नाही. नांगरलेल्या वावरात, माळावर, कधी सपाट गच्चीवरच्या खडीत उथळ खळगा करते आणि कडेनं खडे, ढेकळाचे तुकडे, शेळीच्या लेंड्या मांडते. अंडी मातकट, वर काळपट डाग, निमुळती टोकं मधोमध वळलेली. दोन पावलांवर असूनही नजरेत येत नाहीत, पाय पडतो. म्हणून शोधत फिरू नका. पन्नास-साठ पावलं लांब झाडाखाली गप्प बसा. ओरडणं थांबून ती कुठं जाऊन बसते ते बघा आणि दगड, झुडूप, विजेचा खांब अशी जागेची खूण मनात धरा. मग सकाळी आठच्या आत एकदाच जा, मोजा आणि दोन मिनिटांत परत फिरा. मेच्या भर दुपारी तिला अंड्यांवरून उठवलं तर उन्हात आतला जीव उकडून जातो. त्या उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते, इतकी तिची धडपड असते. जागा कळावी म्हणून काठी रोवू नका, फडकं बांधू नका. माणसानं रोवलेली काठी कावळ्याच्या लगेच लक्षात येते.

रात्री टिटवी ओरडली की घरातली म्हातारी माणसं "अशुभ आहे" म्हणतात. या समजुतीतला अर्धा भाग कामाचा आहे. टिटवी रात्री ओरडते कारण तिच्याजवळून काहीतरी चाललेलं असतं: कुत्रं, कोल्हा, रानडुक्कर किंवा माणूस. आवाज एका जागी राहिला तर अंड्यांजवळ कोणी आहे. आवाज सरकत सरकत आखाड्याकडे (शेतातल्या गोठ्या-खोपटाकडे) येत असेल तर जे काही आहे ते तुमच्याकडे येतंय. बॅटरी घ्या, पायात बूट घाला आणि गोठ्यात एक चक्कर मारा.

कावळ्याचं घरटं

ही खूण फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही वैशाखात चांगल्या झाडावर कावळ्याचं घरटं म्हणजे सुकाळ आणि काटेरी किंवा वाळलेल्या झाडावर म्हणजे दुष्काळाची भीती असं सांगितलंय. आपल्याकडे तेच चालत आलंय: आंबा, करंज, वड, पिंपळ असेल तर पाऊस चांगला, बाभूळ असेल तर कमी. पूर्वेच्या फांदीवर असेल तर चांगला, पश्चिमेच्या असेल तर मध्यम, अगदी शेंड्यावर असेल तर दुष्काळ.

इथं चुकतं ते असं. आपल्या कितीतरी शिवारांत धुऱ्यावर उभं झाड म्हणजे बाभूळच. आंबा एखाद्या विहिरीजवळ. कावळा बाभळीवर बसणारच, त्याला दुसरं झाड आहे कुठं? म्हणून नुसती घरटी मोजू नका, झाडंही मोजा.

मेच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत एक शिवार ठरवून घ्या आणि निदान वीस घरटी मिळेपर्यंत फिरा. प्रत्येक घरट्यासमोर झाडाचं नाव, ते खालच्या, मधल्या की वरच्या तिसऱ्या भागात आहे, आणि बुंध्यापासून कोणत्या दिशेला आहे, एवढं लिहा. त्याच शिवारात त्या उंचीच्या बाभळी किती, कडुलिंबं किती, आंबे किती तेही मोजा. शंभरात सत्तर झाडं बाभळीची आणि वीसपैकी चौदा घरटी बाभळीवर असतील, तर कावळ्यानं काहीच निवड केलेली नाही. जे होतं ते वापरलं. ही खूण शून्य धरा. सत्तर बाभळी असूनही वीसपैकी पंधरा घरटी आंब्या-लिंबावर गेली, तर मात्र निवड केली म्हणायला जागा आहे. दिशेचंही तसंच. एका वर्षाच्या आकड्यावर थांबू नका. पाच-सात वर्षांची नोंद पावसाच्या आकड्याशेजारी मांडल्याशिवाय खूण खरी की खोटी हे कळत नाही.

कावळा कोणता हेही बघा. मानेला राखी पट्टा असलेला तो गावकावळा, पूर्ण काळा आणि जाड चोचीचा तो डोमकावळा. डोमकावळा बहुधा आधीच घरटं उरकतो, त्यामुळे दोघांची मोजणी एकत्र करू नका. मागच्या वर्षीचं घरटंही मोजण्यात येतं. काड्या काळपट, विस्कटलेल्या आणि जोडी जवळपास नसेल तर ते सोडून द्या.

चातक आणि पावशा

या दोघांत गल्लत फार होते. पावशा राखाडी, शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा दिसणारा. "पेरते व्हा, पेरते व्हा" अशी हाक चढत्या सुरात, चांदण्या रात्रीसुद्धा. ही हाक विणीच्या हंगामाची आहे. सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालणारा हा पक्षी, त्यामुळे ऊन वाढलं की तो हाका सुरू करतो, आभाळात ढगाचं नाव नसतानाही. त्याच्या शब्दावर तिफण (पेरणीचं अवजार) धरू नये. हाक कानाला कितीही गोड आणि ओळखीची वाटली तरी नाही.

चातकाचं वेगळं आहे. पांढरा-काळा, डोक्यावर तुरा, पंखावर उडताना दिसणारा पांढरा ठिपका. तो आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर येतो. मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये तो तारेवर, बाभळीवर दिसू लागला की समुद्रावरचा वारा आपल्या बाजूला वळल्याची ती खूण. आमच्या मते पावसाच्या सगळ्या पक्षी-खुणांत हीच सगळ्यात भरवशाची. तरी ती वाऱ्याची खूण आहे, तुमच्या गट नंबरमध्ये पडणाऱ्या पावसाची नाही. चातक आल्यावरही मराठवाड्यात पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडते. पहिला चातक दिसल्याची तारीख दरवर्षी लिहा. तो फक्त पावसाचा थेंब पितो ही मात्र कल्पनाच. केसाळ अळ्या हे त्याचं आवडतं खाणं.

थोडक्या वेळाच्या खुणा

पाकोळ्या (उडता उडता किडे टिपणारी पाखरं) छपराच्या उंचीवर येऊन गिरट्या घालत असतील तर हवेतले किडे खाली आलेत, हवा दमट आणि जड झालीय. दोन-चार तासांत सर येण्याची शक्यता आहे. चिमण्यांची धुळीतली अंघोळ मात्र सोडून द्या. अंगावरचे बारीक किडे घालवायला त्या कुठल्याही कोरड्या दिवशी लोळतात. मोराची केका ढग दाटले की वाढते, पण बिबट्या किंवा कुत्रं दिसलं तरी तो ओरडतोच.

सुगरणीचं विणकाम ही पाऊस होऊन गेल्याची खूण. हिरव्या पात्याची लांब, ओली दोरी मिळाल्याशिवाय नराला विणता येत नाही. विहिरीवरच्या बाभळीला अर्धवट टोपीसारखी घरटी लटकलेली दिसली तर ती अपशकुनी नाहीत. मादीनं नापसंत केली म्हणून नरानं सोडली. घरटी बहुधा झाडाच्या पूर्व अंगाला असतात, कारण पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो.

पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे वारुळातून उठतात आणि कोतवाल, वेडे राघू, घारी, कावळे एकाच जागी तुटून पडतात. तिथली माती खालपर्यंत भिजलीय का ते त्याच वेळी खुरप्यानं उकरून बघा.

घरादारातले शकुन

भारद्वाज दिसणं चांगलं मानतात, ते मानावं. ज्या कुंपणात तो फिरतो तिथं गोगलगायी, उंदीर, लहान साप यांवर त्याची नजर असते. दसऱ्याला नीलपंखाचं, म्हणजे चाषाचं दर्शन शुभ; देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलंगणात तर तो राज्यपक्षीच आहे. सोयाबीन निघालेल्या वावराशेजारच्या तारा सकाळी सात ते नऊ बघा. मोकळ्या रानात किडे उघडे पडतात आणि तो तिथं येऊन बसतो. पिंजऱ्यात धरून दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका.

पिंगळा किंवा घुबड घरावर बसलं म्हणून दगड मारू नका. पिंगळा दिवेलागणीला आपल्या हद्दीसाठी कलकलाट करतो. जुन्या चिंचेची ढोली हे त्याचं घर. गव्हाणी घुबड असेल तर उंदीर कमी होतात. घुबड पकडणं, मारणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. अमावास्येच्या पूजेसाठी कोणी मागितलं तर वनखात्याला कळवा.

पिंडाला कावळा शिवला नाही की घरातले लोक कासावीस होतात, मागं राहिलेल्या इच्छेचा अर्थ लावतात. त्या घडीला एवढं करा: पिंड उघड्यावर, झाडापासून दहा-पंधरा पावलांवर ठेवा, कुत्री हाकला आणि सगळ्यांनी तीस पावलं मागं सरून खाली बसा. गर्दी, मोबाइल वर धरलेले हात, पांढऱ्या कपड्यांची हालचाल, एवढ्यानंही कावळा उतरत नाही. सकाळी लवकर ठेवलेलं चांगलं. भर दुपारी तो सावलीत असतो. अर्धा-पाऊण तास थांबूनही आला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववण्याची रीत आहेच, मनाला लावून घेऊ नये. मे-जूनमध्ये कावळ्यानं डोक्यावर टोच मारली तर ती पिलांची राखण. दोन-तीन आठवडे रस्ता बदला किंवा छत्री धरा.

वही आणि पेरणी

दोनशे पानी वही, त्यात सात रकाने: तारीख व नक्षत्र, वेळ, जागा, पाखरू व संख्या, काय करत होतं, वारा कुठून, आणि पुढच्या २४ व ७२ तासांत पडलेला पाऊस. पाऊस मोजायला सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर, झाड-भिंतीपासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं खोली मोजा; जेवढे मिलिमीटर खोली, तेवढा पाऊस. वर रुंद, खाली अरुंद अशा बादलीनं आकडा चुकतो. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाला तरच पावसाचा दिवस धरा.

खूण दिसली नाही ते दिवसही लिहा. बहुतेक लोक इथंच चुकतात. समजा, पाकोळ्या खाली दिसल्या अशा दहा दिवसांपैकी सहा दिवस पाऊस झाला. आणि न दिसलेल्या दहा दिवसांपैकीही सहा दिवस झाला. मग त्या खुणेनं तुम्हाला काहीच सांगितलं नाही.

चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे पेरायचं, ते मात्र पाखरावर नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालाय, ओल खालपर्यंत गेलीय आणि वाफसा (ओल आहे पण चिखल नाही अशी माती) आलाय, एवढं बघूनच सोयाबीन, तूर पेरा. बियाणं तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. मिरगाच्या एका सरीवर पेरलं आणि उघडीप पडली की दुबार पेरणी ठरलेली.

पेरणीआधी पाळी घालताना (वखरणी करताना) चालत्या ओळीत टिटवीची अंडी आली तर ट्रॅक्टर थांबवा. खळग्याभोवती दोन-दोन पावलांचा चौकोन सोडून पुढे न्या. अंडी उचलून धुऱ्यावर ठेवली तर ती परत त्यावर बसेलच असं नाही. सोडलेल्या जागेचं नुकसान एखाद-दोन काकऱ्यांचं. पिलं फुटल्यावर काही तासांत आईच्या मागं चालू लागतात. मग ती जागाही हातानं टोबून घेता येते.