इंजिन नंतर, आधी ब्रेक

म्हापशाच्या गॅरेजातून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर रेसिंगची गाडी नेणाऱ्या छोट्या टीमने तुटपुंजे पैसे आधी ब्रेकवर घालावेत. ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारा द्रव, हवेतला ओलावा शोषतं, आणि गोव्याची हवा त्या बाबतीत फारच उदार! डॉट 4 दर्जाचं फ्लुइड ताजं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही हमी 155 वर येते. मग ब्रेक तापले की फ्लुइडची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं.

निघण्याआधी सीलबंद बाटलीतलं फ्लुइड भरा. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडलने फ्लुइडवर दाब देणारा भाग) सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात करा. तेव्हा फ्लुइडची टाकी रिकामी होऊ देऊ नका. उघडी बाटली पुढच्या रेससाठी जपू नका. सरावाला जुने टायर चालतील. चाकाचे नट मात्र टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) आवळा.