वर्गातला वादविवाद फसतो कुठे? या चुका टाळा

रत्नागिरीकडच्या मुलांनी शक्ती-तुरा पाहिलेला असतो. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकला की दुसऱ्याला त्याच सवालाचं उत्तर द्यावं लागतं. तीच मुलं शाळेत वादविवादाला उभी राहिली की 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग' म्हणत पाठ केलेलं भाषण संपवून खाली बसतात. सर्वांत मोठी चूक हीच: वादविवादाच्या नावाखाली वक्तृत्व. भाषण बहुधा पालकांनी किंवा बाईंनीच लिहून दिलेलं असतं, त्यामुळे समोरचा काय बोलला याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

त्यावर उपाय म्हणजे 'तू काय म्हणालास?' हा खेळ. कागद हातात नाही. आपला मुद्दा मांडण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा आणि तो 'हो, हेच म्हणालो' म्हणाला तरच पुढे बोलायचं. सुरुवातीला अर्धी तासिका 'मी असं बोललोच नाही' यातच जाते. जाऊ द्या, शिकणं तिथेच चाललेलं असतं. कुणी मुद्दाम वाकडं करून सांगू लागलं तर त्याची पाळी गेली, एवढा एक नियम कडक ठेवा.

'विज्ञान: शाप की वरदान' या विषयाला आता निवृत्त करा. 'शाळेला मे ऐवजी जुलैत सुट्टी हवी', 'वानरांना खायला घालावं का' असे विषय घ्या. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीवर तर किनाऱ्यावरची पाचवीतली पोरंही दोन्ही बाजूंनी बोलतात. अंडी घालणारी मासळी, खवळलेला समुद्र, घरात थांबलेला पैसा हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. पर्ससीन (यांत्रिक बोटीवरून टाकायचं मोठं जाळं) की रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं जाळं) हा वाद मात्र सुरुवातीला नको. ज्या गावात त्यावरून मोठी माणसं भांडतात, तिथे मूल मुद्दा मांडत नाही, घरच्यांची बाजू लढवतं. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि अर्ध्या वेळाने अदलाबदल करा.

'बुडती होडी' हा खेळ अनेक ठिकाणी घेतला जातो: होडीतून कुणाला उतरवायचं यावर वाद घालायचा. ज्यांच्या घरची माणसं समुद्रावर जातात, त्यांच्या वर्गात हा खेळ नको. शेवटच्या एस.टी.त एकच जागा उरली आहे असं ठरवा. डॉक्टर, टोपली घेतलेली मासेवाली, परीक्षेला निघालेला मुलगा, देवळात पोचायची घाई असलेले भजनी बुवा. जागा कुणाला, आणि का? कंडक्टरचं काम वर्गातल्या सर्वांत दंगेखोर मुलाला द्या, तो आपोआप ऐकायला लागतो.

'सहमत' आणि 'असहमत' असे कोपरे करून मुलांना पळायला सांगितलं की सगळी आपापल्या मित्रामागे पळतात. आधी पाटीवर मत लिहायला लावा, मग हलू द्या.

दोन-तीनच मुलं बोलत असतील तर प्रत्येकाला तीन शिंपले द्या. बोललं की एक शिंपला मध्ये ठेवायचा, तिन्ही संपले की गप्प. लाजऱ्या मुलाला मात्र 'बोल, बोल' म्हणून उभं करू नका. त्याला आधी दोन्ही बाजूंचे मुद्दे फळ्यावर टिपायला द्या. फळ्यावर काही चुकीचं लिहिलं गेलं असं वर्ग म्हणाला, की तो स्वतःहून तोंड उघडतो.

'शुद्ध बोल' म्हणून मध्येच अडवणं तर बंदच करा. 'माका नाय पटणा, कारण...' या वाक्यातलं 'कारण' महत्त्वाचं. स्पर्धेला जायचं असेल तेव्हा प्रमाण भाषेचं पाहता येईल.

पत्र्याच्या वर्गात जोराचा पाऊस लागला की कुणाला काहीच ऐकू येत नाही आणि मुलं ओरडू लागतात. त्या दिवशी तोंडी खेळ थांबवा. एकाने चिठ्ठीवर मुद्दा लिहायचा, शेजाऱ्याने त्याखाली उत्तर लिहून पुढे सरकवायचं.