जीवाश्म खरा की कोरलेला? आधी भिंग काढा

जीवाश्म विकत घेताना 10 पट मोठं दाखवणारं भिंग जवळ हवंच. खऱ्या ट्रायलोबाइटचं (फार पूर्वी नामशेष झालेल्या कवचधारी सागरी प्राण्याचं) कवच आणि भोवतीचा दगड यांचा रंग-पोत सहसा वेगळा असतो. कोरलेल्या नगात दोन्ही एकसारखे दिसतात. हत्याराचे ओरखडे दिसले म्हणून लगेच नाकारू नका. दगड साफ करताना खऱ्या नमुन्याभोवतीही ते पडतात. ओरखडे खुद्द कवचावर आहेत का, ते बघा.

टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं दिसली, तर ते बहुधा साच्यात ओतलेल्या रेझिनमधले (ओतल्यावर प्लास्टिकसारखा घट्ट होणारा पदार्थ) हवेचे बुडबुडे. मोरोक्कोहून येणाऱ्या ट्रायलोबाइटांत असे बनावट नग पुष्कळ सापडतात. फॅकॉप्ससारख्या ट्रायलोबाइटचे डोळे तर निवांत न्याहाळा: चांगल्या नमुन्यात बारीक मण्यांसारखी भिंगं ओळीने मांडलेली दिसतात. इतकी सुबक रचना कोरणाऱ्याच्या हाताला सहज साधत नाही.

दगडातली भेग जीवाश्मातूनही तशीच आरपार गेली असेल, तर ती चांगली खूण. अंधारात अतिनील टॉर्च मारा. डागडुजीचा गोंद आणि रेझिन बरेचदा दगडापेक्षा वेगळे चमकतात. रेझिन वितळतं का हे बघायला तापलेली सुई मात्र लावू नका, नमुना खरा निघाला तर डाग कायमचा राहील.