फाइल परमिशन लावणारे फंक्शन: या चुका टाळा

फाइल लिहून तिला परमिशन लावणाऱ्या छोट्या फंक्शनमध्ये चूक असेल, तर ती त्या फाइलीवर सहसा दिसत नाही. दिसते भलतीकडेच: लॉगची फाइल अचानक ०६६६ होते, म्हणजे कोणीही उठून तीत लिहावे.

बहुतेक वेळा याचे मूळ युमास्कमध्ये, म्हणजे नवी फाइल बनताना मागितलेल्या परमिशनमधून काही परवानग्या वगळणाऱ्या आकड्यात, असते. ०६६६ मागितले आणि युमास्क ०२२ असला की फाइल ०६४४ होते. हे टाळायला पायथॉनमध्ये पुष्कळजण आधी युमास्क शून्य करतात, फाइल बनवतात आणि जुना आकडा परत लावतात. पण युमास्क एका फाइलीचा नसतो, अख्ख्या प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, असतो. तेवढ्या क्षणात त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडने बनवलेली फाइलही खुली राहते. मध्येच एक्सेप्शन आली, तर युमास्क शून्यावरच अडकतो. ट्राय-फायनली लावून हा अडकण्याचा प्रश्न मिटतो, थ्रेडचा नाही. नुसता आकडा ‘वाचायचा’ म्हटले तरी ती कॉल आधी तो बदलतेच!

म्हणून युमास्कला हातच लावू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल ‘नसेल तरच बनव’ या फ्लॅगसह ०६०० ने (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) उघडा, मजकूर लिहा, उघड्या डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलीचा सिस्टिमने दिलेला क्रमांक) एफचमॉडने, म्हणजे परमिशन बदलणाऱ्या चमॉडच्या डिस्क्रिप्टरवर चालणाऱ्या रूपाने, हवा तो मोड (परमिशनचा आकडा) लावा आणि मग रिनेम करा. चमॉडवर युमास्कचा परिणाम होत नाही. शिवाय नावाऐवजी डिस्क्रिप्टर वापरल्याने मध्येच कोणी सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा) ठेवली तरी परमिशन दुसऱ्याच फाइलला लागत नाही.

यातली एफचमॉडची पायरी गाळली, तर वेगळेच दुखणे. एमकेएसटेम्प (तात्पुरती फाइल बनवणारे तयार फंक्शन) फाइल ०६०० ने बनवते, रिनेमनंतर तोच मोड राहतो आणि काल चालणारी कॉन्फिग फाइल आज वेब सर्व्हरला वाचता येत नाही. जुनी फाइल असेल तर तिचा मोड आधी वाचून ठेवा.

आकडाही नीट लिहा. ऑक्टलची (आठच्या पायाच्या आकड्याची) खूण विसरून नुसते ६४४ दिले की ते दशमान धरले जाते आणि ऑक्टलमध्ये १२०४ होते: स्टिकी बिट (नेहमीच्या परवानग्यांपलीकडची एक खास खूण) चालू, मालकाला फक्त लिहिता येते, वाचता येत नाही. एक्झिक्युटची परवानगी वाढवायची असेल तर थेट ०७५५ लादू नका. सध्याच्या मोडमध्ये तेवढा बिट ऑर करा, म्हणजे बाकीचे तसेच ठेवून जोडा. नाहीतर ०६०० ची खासगी फाइल सगळ्यांना वाचता येईल.

फोल्डरबाबत एवढेच: पायथॉन ३.७ पासून मेकडर्सला (फोल्डर बनवणारे फंक्शन) दिलेला मोड फक्त शेवटच्या फोल्डरला लागतो, आणि फोल्डर आधीच असेल तर लागतच नाही.

संशय आला की लिनक्सवर, कर्नल ४.७ किंवा पुढचे असल्यास, प्रॉक फोल्डरात त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलीतली युमास्कची ओळ पाहा. टेस्ट दोनदा चालवा, एकदा युमास्क ०७७ ठेवून, एकदा ००० ठेवून. दोन्ही वेळा फाइलीचा मोड सारखाच यायला हवा आणि फंक्शन संपल्यावर युमास्क होता तोच राहायला हवा.