120 टनाचा ट्रान्सफॉर्मर हलवायचाय? आधी टेप घेऊन रस्त्यावर उतरा

मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर फॅक्टरीतून सबस्टेशनला न्यायचा म्हटलं की लोक पहिला फोन ट्रान्सपोर्टरला लावतात आणि रेट विचारतात. थोडं थांबा. फॅक्टरीकडून ट्रान्सपोर्ट ड्रॉइंग मागवा. जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरचं ड्रॉइंग नकोय, कारण बुशिंग, रेडिएटर, कन्झर्वेटर हे सगळं सुटं काढून वेगळ्या ट्रकने जातं, तेल पण काढून घेतात आणि टाकीत कोरडी हवा नाहीतर नायट्रोजन भरून थोडं प्रेशर ठेवतात, म्हणजे आत दमट हवा शिरत नाही. उरते फक्त टाकी, आतल्या कोअर आणि कॉइलसकट. तरी ती साध्या गाडीच्या 2.6 मीटर रुंदी आणि 4 मीटर उंचीच्या लिमिटमध्ये बसत नाहीच, म्हणजे झालं ओडीसी, ठरलेल्या मापाबाहेरचा माल.

आता एक्सल. हायड्रॉलिक ट्रेलरच्या एका एक्सल लाइनला (चाकांच्या एका आडव्या रांगेला) आठ टायर आणि लिमिट 18 टन. त्यात लाइनचं स्वतःचं वजनच साधारण चार टन, म्हणजे मालाला उरले 14. 120 भागिले 14 केलं की साडेआठच्या वर येतं, म्हणजे नऊ लागतात, पण दहा घ्या. कोणी आठ लाइनमध्ये स्वस्तात करून देतो म्हणाला तर तो पैसे पुलाच्या जिवावर वाचवतोय असं समजा, आणि पूल नंतर वसूल करतो.

खरं काम रूट सर्वेचं. इथे कंजुषी करू नका. लोड ज्या दिशेने जाणार त्याच दिशेने गाडी घेऊन जा. खंबाटकीला वर्षानुवर्षं पुण्याहून जाताना घाट आणि साताऱ्याहून येताना बोगदा असं होतं, आता उलट्या बाजूने सर्वे केला तर तो कशाला चाटायचाय? फ्लायओव्हरखालची उंची बोर्डावर वाचून लिहू नका, स्वतः मोजा, डांबराचे थर चढत जातात आणि बोर्ड तोच राहतो. माल अधिक ट्रेलरचा डेक (साधारण सव्वा मीटर धरा) ही खरी उंची. एक्सल साधारण 300 मिमी खाली बसवता येतो, तेवढी फट अडचणीत कामाला येते, पण प्लॅनच तिच्या भरवशावर करू नका. वायरी, कमानी, झाडाच्या फांद्या, टोलनाक्याची लेन, गावातलं वळण, सगळ्याचे फोटो आणि माप. आपल्याकडे रस्त्यावर रातोरात स्वागत कमान उभी राहते, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी परत एकदा फिरा. लाइन बंद करायला वीजवाल्यांना लेखी कळवा, आणि इलेक्ट्रिक रेल्वेच्या फाटकावर 4.67 मीटरचा हाइट गेज असतो, लोड त्याहून उंच असेल तर रेल्वेकडून पॉवर ब्लॉक, म्हणजे वरच्या तारेची वीज तेवढ्यापुरती बंद, मागावा लागतो.

पूल ओलांडायचे नियम सोपे आहेत पण पाळणारे कमी. गाडी रस्त्याच्या मधोमध, स्पीड ताशी 5 किमीच्या आत, पुलावर दुसरी एकही गाडी नको, आणि पुलावर ब्रेक मारायचा नाही. मागचे लोक हॉर्न वाजवणारच, वाजवू दे.

वेळ किती लागेल ते मापावर ठरतं. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई स्पेस सेंटरसाठी एक ऑटोक्लेव्ह (प्रेशरखाली तापवायची मोठी बंद भट्टी) जुलै 2019 मध्ये महाराष्ट्रातून निघालं ते जुलै 2020 मध्ये पोचलं. मध्ये लॉकडाऊन आला हे खरं, पण वजन फक्त 70 टन! रडवलं ते साडेसात मीटर उंचीने.

मग रेल्वेने का नाही? माल बसत असेल तर जरूर बघा. मधला भाग खाली दबलेली वेल वॅगन मिळते, त्यामुळे उंची वाचते. पण रेल्वेत ओडीसीचे ए, बी, सी असे क्लास आहेत, बाजूच्या बांधकामापासून फट जितकी कमी तितका क्लास कडक. सी म्हणजे हळू स्पीड आणि सोबत रेल्वेचा स्टाफ. ज्या ज्या झोनमधून जाणार त्या प्रत्येकाची मंजुरी लागते, आणि ट्रकसारखं शेताच्या कडेने वळसा घालू असं चालत नाही, एक बोगदा अडला की रूटच गेला. शिवाय दोन्ही टोकांना सायडिंग, म्हणजे माल चढवाय-उतरवायचा बाजूचा रूळ, पाहिजे, नाहीतर शेवटच्या वीस किमीसाठी तेच हायड्रॉलिक एक्सल परत मागवावे लागतात आणि दोनदा लोडिंगचा खर्च.

निघताना टाकीवर इम्पॅक्ट रेकॉर्डर (झटके नोंदवणारं यंत्र) लावलाय आणि चालू आहे ना ते बघा, चेन टाकीच्या लॅशिंग पॉइंटलाच (बांधायसाठी दिलेल्या जागेलाच) बांधा, पाइपला नाही. रोज मुक्कामाला टाकीचं प्रेशर आणि चेन चेक करून वहीत लिहा. साइटवर जॅक लावायच्या आधी रेकॉर्डरचं रीडिंग काढून फॅक्टरीच्या माणसाची सही घ्या, कारण माल एकदा फाउंडेशनवर बसला की झटका रस्त्यात लागला का उतरवताना यावरून भांडण सुरू होतं.