विस्मरणात गेलेल्या सोलापूरकरांची नोंद कशी करावी

दरवर्षी 12 जानेवारीला सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना 1931 साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ही चार नावे शहराला पाठ आहेत. मात्र 8 मे 1930 च्या पोलिस गोळीबारात प्राण गमावलेले शंकर शिवदारे किती जणांना आठवतात? त्यानंतर 12 मे ते 30 जून या काळात शहरावर लादलेल्या मार्शल लॉमध्ये ज्यांनी शिक्षा भोगल्या, त्यांतील अनेकांची नावे तर त्यांच्या घराबाहेर क्वचितच घेतली जातात. अशा एखाद्या माणसाची किंवा प्रसंगाची नोंद करण्याचे काम कोणताही जाणता वाचक करू शकतो आणि ते व्हायलाच हवे, अशी माझी धारणा आहे.

विषय लहान निवडावा. ‘सोलापूरच्या गिरण्यांचा इतिहास’ एकट्याच्या हातून पुरा होत नाही. परंतु जुन्या मिलच्या एका चाळीत राहणारा एक जॉबर (कामगारांवरचा मुकादम), किंवा पूर्व भागातील एका गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बाया, एवढा विषय नेटाने पूर्ण करता येतो.

प्रथम घरी जाऊन बोलावे. 1930 चे साक्षीदार आता भेटणार नाहीत, आपल्याला भेटतात ती त्यांची मुले आणि नातवंडे. म्हणून ‘काय घडले?’ याच्या जोडीने ‘ही हकीकत तुम्हाला कोणी सांगितली, आणि तेव्हा तुम्ही केवढे होता?’ हे अवश्य विचारावे. ऐकीव गोष्टीची विश्वासार्हता या उत्तरावरून पुष्कळशी ठरते. अलीकडच्या प्रसंगांबाबतही थेट तारीख विचारल्यास वृद्ध माणसे गोंधळतात, पण गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेआधी की नंतर, 1972 च्या दुष्काळात की त्यानंतर, मिलचा भोंगा तेव्हा वाजत होता की बंद पडला होता, असे विचारले की काळ आपोआप जुळत जातो. समोरची व्यक्ती घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलत असेल, तर तिला त्याच भाषेत बोलू द्यावे आणि ध्वनिमुद्रण जसेच्या तसे ठेवावे. मराठी भाषांतर सवडीने करता येते.

निघण्यापूर्वी कागदांची पेटी दाखवण्याची विनंती करावी. हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, स्वातंत्र्यसैनिकाच्या निवृत्तिवेतनाचे पत्र, लग्नपत्रिका, यांतले काहीही उपयोगी पडते. प्रत्येक कागदाची पाठपोट छायाचित्रे घ्यावीत. जुन्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का किंवा शाईने लिहिलेले एखादे नाव असते, आणि पुष्कळदा तेवढ्यावरून तो फोटो कोठला व कोणाचा हे कळते. मूळ कागद मात्र घरातून नेऊ नये.

मग छापील साधनांकडे वळावे. 1884 चे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटिअर, राज्य शासनाचा स्वातंत्र्यसैनिक चरित्रकोश, ‘केसरी’चे जुने अंक आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातील फायली ही प्रमुख ठिकाणे आहेत. इंग्रजी कागदांत शहराचे नाव ‘शोलापूर’ असे येते, त्यामुळे शोध त्या नावानेही घ्यावा. माणसांची नावे इंग्रजीत तर तऱ्हेतऱ्हेने लिहिलेली आढळतात. एका नावाची सुचतील तितकी रूपे आधीच वहीत मांडून ठेवावीत.

सरकारी कागद वाचताना तो कोणी आणि कोणासाठी लिहिला, याचे भान सुटता कामा नये. सोलापुरातील सेटलमेंटचा भाग हे याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आहे. 1871 साली आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, इथे माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली, आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाल्यावर ती विमुक्त म्हटली गेली. अशा कुटुंबातील आजोबांविषयी लिहिताना पोलिस दप्तरातील शब्द स्वतःचे म्हणून वापरणे हा त्यांच्यावर पुन्हा केलेला अन्याय ठरेल. दप्तरातला मजकूर अवतरणचिन्हांत द्यावा, घरच्यांची हकीकत त्याच्या शेजारी तितक्याच जागेत द्यावी, आणि त्यांनी नाव छापू नका असे सांगितले तर ते निमूटपणे मान्य करावे.

दोन हकीकतींचा मेळ बसला नाही, तर दोन्ही लिहून कोणती का अधिक ग्राह्य वाटते, ते एका वाक्यात नमूद करावे. चार-पाच पानांचे टिपण पुरेसे आहे. त्याची एक प्रत कुटुंबाला, एक हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ग्रंथालयाला आणि एक त्या वस्तीतील शाळेला द्यावी. शाळेने त्या व्यक्तीच्या स्मृतिदिनी ते मोठ्याने वाचावे, अशी मुख्याध्यापकांना लेखी विनंती करावी. प्रत्येक प्रतीच्या शेवटी दोन कोरी पाने जोडावीत, म्हणजे ज्याला आणखी काही ठाऊक असेल त्याला ते तारखेसह तिथेच लिहिता येईल.